वारशाने आलेली चहाची भांडी आणि आफ्रिकेतील काष्ठशिल्पे : वापरावीत, मांडावीत की कपाटात ठेवावीत?

नीलपर्ण

नमस्कार. चहाच्या पानांविषयी आणि तो उकळण्याच्या पद्धतींविषयी येथे पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून हा धागा चहाच्या भांड्यांसाठी आणि गोव्यातील बऱ्याच घरांत त्या भांड्यांच्या शेजारीच उभ्या असलेल्या आफ्रिकी लाकडी मूर्तींसाठी काढत आहे.

आईचे मामा मोझांबिकमधील बेइरा शहरात एका व्यापारी पेढीवर हिशेबनीस होते आणि १९७५ साली तो देश स्वतंत्र झाल्यानंतर काही महिन्यांनी ते डिचोलीला परतले. त्यांच्या घराच्या वाटण्या नुकत्याच झाल्या. ज्या वस्तूंवर कोणीही हक्क सांगितला नाही त्या आमच्या वाट्याला आल्या : सोनेरी काठाचा, तळाशी पोर्तुगालचा शिक्का असलेला पांढरा चहाचा संच, ज्यातल्या काही बश्या हरवल्या आहेत, काळ्या मुठीची एक चांदीची चहादाणी, आणि तीन काळ्या लाकडी मूर्ती, ज्यांतील एक म्हातारा आहे, एक स्त्रीचा अर्धपुतळा आहे आणि तिसऱ्या उंच खांबासारख्या मूर्तीत माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढत गेलेली आहेत.

माझे म्हणणे असे आहे की कप रोजच्या वापरात आणावेत आणि मूर्ती त्याच चहाच्या मेजाशेजारी ठेवाव्यात. यजमानांना दोन्ही गोष्टी कुलूपबंद हव्या आहेत. आपणांपैकी ज्यांच्या घरी असा वारसा आहे त्यांनी काय केले, आणि आपल्या पावसाळ्यात या वस्तू टिकवण्यासाठी काय करावे लागते, हे जाणून घ्यायचे आहे.

चहाटळ

ज्यांच्यावर कोणीही हक्क सांगितला नाही अशा वस्तूंची छायाचित्रे कृपया टाकावीत. मी हक्क सांगण्यास तयार आहे.

रायबंदर

नीलपर्णताई, आपला संच बहुधा विश्ता अलेग्रचा असावा. हा कारखाना पोर्तुगालमधील इल्याव्हू येथे १८२४ साली सुरू झाला, आजही चालू आहे, आणि त्याचे शिक्के काळानुसार बदलत गेल्यामुळे तळ पाहून संच साधारण कोणत्या दशकांतला आहे ते सांगता येते. कप उलटा करून शिक्क्याचे जवळून घेतलेले छायाचित्र दिल्यास बरे होईल.

वापराविषयी माझे मत आपल्यासारखेच आहे, पण काही पथ्ये पाळावी लागतात. सोनेरी काठ हा भाजलेल्या झिलईवर नंतर चढवलेला अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे काथ्या, राख आणि खरखरीत घासणी त्याला चालत नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये तो संच कदापि ठेवू नये. उकळता चहा ओतण्यापूर्वी कपात थोडे कोमट पाणी फिरवावे, म्हणजे एकदम ताण येऊन तडा जात नाही. चहाचे डाग खाण्याच्या सोड्याची ओली पूड बोटाने हलकेच फिरवली की निघतात. ज्या कपांच्या झिलईत केसासारख्या रेषांचे जाळे पडले आहे ते मात्र पिण्यासाठी वापरू नयेत, कारण त्या रेषांत चहा मुरतो आणि घाण साचते. जुन्या रंगीत नक्षीत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो, म्हणून आतल्या बाजूने रंगवलेल्या जुन्या कपात लिंबाचा चहा देऊ नये.

आमच्याकडे पोर्तुगीज संच नाही. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे होते, त्यामुळे आमचा वारसा जपानी आहे. अंड्याच्या कवचासारखे पातळ कप आहेत आणि रिकामा कप उजेडासमोर धरला की त्याच्या तळात एका स्त्रीचा चेहरा उमटतो. तो रंगवलेला नसतो. मातीची जाडी कमीजास्त ठेवून तयार केलेला असतो. युद्धानंतरच्या काळात असे कप जपानी बंदरांतून बोटीवरच्या लोकांनी भरपूर आणले, आणि बार्देशातल्या पुष्कळ आलमाऱ्यांत ते अजूनही दिसतात.

बिनसाखरेचा

रायबंदर यांनी भांड्याचे सगळे सांगितले, पण त्यात ओतायचे काय हे राहिले. पातळ पोर्सिलेनचा कप हा पानांच्या कोऱ्या चहासाठी घडवलेला असतो. त्याचा रंग दिसावा म्हणून आतून पांढरा, आणि ओठांना जाड लागू नये म्हणून काठाला पातळ. आपण पातेल्यात दूध, साखर, आले आणि भुकटी एकत्र खळखळून उकळतो तो चहा त्यात ओतणे म्हणजे दोघांचाही अपमान आहे. दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानांचा चहा करा, चार मिनिटे मुरू द्या, आणि मग त्या संचाला न्याय मिळेल.

अंत्रुजी

बिनसाखरेचा यांच्या शुद्धतेबद्दल आदर आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. माझ्या आजीचे निम्मे आयुष्य केनियात नाकुरू येथे गेले. त्या देशात होणारा जवळजवळ सगळा चहा दाणेदार भुकटीचा, म्हणजे आपल्या उकळीच्या चहाच्याच जातीचा असतो, आणि तिथली सामान्य घरे तो दुधासाखरेतच उकळून पितात. ही सवय त्यांना आपल्या लोकांच्या दुकानांतून आणि स्वयंपाकघरांतून लागली असे आजी अभिमानाने सांगत असे. लिमुरूच्या डोंगरात १९०३ साली पहिली रोपे लागली आणि आज केनिया काळ्या चहाच्या निर्यातीत जगात पहिला आहे. तेव्हा आफ्रिकेतून आलेल्या कपात उकळीचा चहा ओतल्याने आफ्रिकेचा तरी अपमान होत नाही.

आमच्या घरी आजीचा खरा वारसा म्हणजे तामचिनीचा निळ्या काठाचा मोठा पेला आणि त्याच जातीची किटली. जिथे टवका उडाला तिथे आतले लोखंड गंजते, म्हणून किटली आता केवळ मांडून ठेवली आहे, पण पेला चालू आहे. मूर्ती आमच्याकडेही आहेत, फक्त त्या नीलपर्णताईंच्या मूर्तींसारख्या भारदस्त नाहीत. जिराफ, हरणे आणि मुठीवर माणसाचे डोके कोरलेले सॅलडचे चमचे, हे सगळे केनियातील काम्बा लोकांचे काम. पहिल्या महायुद्धाच्या काळात वामुन्यू गावचे मुतिस्या मुंगे टांगानिकात (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीत) गेले, तिथल्या कारागिरांकडून हे कसब शिकले आणि परतल्यावर त्यांनी ते गावात पसरवले, अशी या व्यवसायाची कुळकथा सांगितली जाते. त्या चमच्यांनी आम्ही कोशिंबीर वाढतो.

शिसवी_सुतार

मी पिढीजात लाकूडकाम करतो आणि जुने फर्निचर दुरुस्त करण्याच्या निमित्ताने अशा मूर्ती अधूनमधून हातात येतात, म्हणून लाकडाविषयी लिहितो.

लोक सरसकट ‘एबनी’ म्हणतात, पण पूर्व आफ्रिकेच्या या काळ्या मूर्ती बहुतेक करून म्पिंगो नावाच्या झाडाच्या असतात. पोर्तुगीज त्याला पाव प्रेतु म्हणत. त्याचे शास्त्रीय नाव डाल्बर्जिया मेलानोझायलॉन, म्हणजे आपल्या शिसवाचा सख्खा नसला तरी चुलतभाऊ. क्लॅरिनेट आणि ओबो ही वाद्ये याच लाकडाची करतात. हे इतके दाट असते की पाण्यात बुडते. बुंध्याचा गाभा जांभळट काळा असतो आणि बाहेरचा थर पिवळसर पांढरा. अस्सल मूर्तीच्या पाठीला किंवा तळाला हा फिकट थर कधी कधी मुद्दाम राखलेला दिसतो. बाजारात हलक्या लाकडाला बुटाचे पॉलिश फासून विकलेल्या मूर्तीही खूप आहेत. हातात घेतल्यावर वजन लागले नाही, किंवा तळाशी स्पिरिटचा कापूस फिरवल्यावर काळा रंग उतरला, तर समजावे.

आता निगा. गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण फिकट थराला लागते. मूर्तीखाली पिठासारखा भुसा पडू लागला तर मूर्ती प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये; मूर्ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी. औषधे फवारण्यापेक्षा हे बरे. खोबरेल तेल अजिबात लावू नये. आपल्याकडे ‘लाकडाला तेल हवे’ म्हणून घरोघरी लावतात, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते आणि कोरीव खाचांत धुळीचा चिकट थर बसतो. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, आणि फारच रुक्ष दिसत असेल तर वर्षाकाठी एकदा मधमाशीच्या मेणाचा पुसट हात द्यावा. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवेतील ओलाव्याचा अचानक बदल. जून ते सप्टेंबर भिजट हवेत असलेली मूर्ती एकाएकी वातानुकूलित खोलीत नेली की तडकते. चहाच्या मेजाशेजारी ठेवण्यास हरकत नाही, मात्र किटलीच्या वाफेच्या झोतात ठेवू नये.

नीलपर्ण

सर्वांचे आभार. शिसवी_सुतार दादा, वजन भरपूर आहे. खांबासारखी मूर्ती मला एकटीला उचलत नाही. म्हाताऱ्याच्या पाठीवर पिवळा पट्टा आहे, जो मी इतके दिवस खराबी समजत होते. स्त्रीच्या अर्धपुतळ्यात वरचा ओठ विलक्षण पुढे आलेला असून त्यात गोल बटणासारखे काही कोरले आहे आणि गालांवर रेषांची नक्षी आहे. याचा अर्थ कोणी सांगेल काय? आणि दुसरे, चहादाणीची मूठ जिथे भांड्याला जोडली आहे तिथे वर-खाली दोन पांढऱ्या चकत्या आहेत. त्या कशाच्या असाव्यात?

मांडवीकाठ

ओठातले ते बटण म्हणजे चकती आहे, आणि तीच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर मोझांबिक आणि दक्षिण टांझानियाच्या सीमेवर राहणाऱ्या माकोंदे समाजातील स्त्रिया वरच्या ओठात लाकडी चकती घालत आणि चेहऱ्यावर गोंदण करून घेत. जुन्या माकोंदे मूर्तींत व मुखवट्यांत दोन्ही ठळकपणे दाखवलेले असते. आपला अर्धपुतळा बहुधा माकोंदे कारागिराचा आहे.

खांबासारख्या मूर्तीच्या शैलीला उजामा म्हणतात. एकाच बुंध्यातून पूर्वज, आईबाप, मुले असे सारे कुटुंब एकमेकांना आधार देत वर चढत जाते. कारागीर लाकूड जोडत नाही, सगळी माणसे एका ओंडक्यातूनच मोकळी करतो. दुसरी प्रसिद्ध शैली शेतानी, म्हणजे पिशाच्चांची. तिचा उगम १९५० च्या दशकात सामाकी लिकांकोआ या कारागिराकडे नेला जातो. उत्तर मोझांबिकमधील मुएदाच्या पठारावरचे पुष्कळ माकोंदे टांगानिकातील सिसलच्या (दोरखंडासाठी लागणाऱ्या तंतूच्या) मळ्यांवर मजुरीसाठी गेले, दारेसलामच्या आसपास स्थिरावले आणि त्यांच्या मूर्तींना तिथे गिऱ्हाईक मिळाले. त्या गिऱ्हाइकांना जोडणाऱ्या व्यापाऱ्यांत मोहम्मद पीरा हे भारतीय वंशाचे गृहस्थ महत्त्वाचे मानले जातात. मोझांबिकच्या बाजूला नांपुला येथे मानववंशशास्त्राचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्याच्या मागच्या आवारात माकोंदे कारागीर काम करत बसलेले असतात.

एक सूचना. समारंभात घालायचे मापिको मुखवटे हलक्या लाकडाचे असतात, कारण ते डोक्यावर चढवून नाचायचे असतात. कोणाकडे हलका मुखवटा असेल तर सुतारदादांची वजनाची कसोटी लावून त्याला खोटा ठरवू नये.

वेलिंगची_सून

शेतानीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्या चुलत सासऱ्यांनी दारेसलामहून आणलेली शेतानी मूर्ती, एक डोळा, एक शिंग आणि पोटातून निघालेला हात असलेली, आमच्या दिवाणखान्यात होती. सासूबाईंनी कोणाशीही वाद न घालता तिचे तोंड भिंतीकडे वळवले. आम्ही सरळ केली की संध्याकाळी दिवा लावण्याच्या वेळी ती पुन्हा भिंतीकडे. शेवटी देवघरातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, चहाच्या ट्रॉलीमागे तिची स्थापना झाली आणि आता त्याच ‘त्या बाईला चहा दाखवा’ असे म्हणतात.

चहाटळ

भूत असो वा पाहुणा, गोव्यात चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

मुद्देसूद

नीलपर्णताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, आणि तो अधिक नाजूक आहे. चांदीच्या जुन्या चहादाणीतील पांढऱ्या चकत्या हस्तिदंताच्या असू शकतात. भिंगाखाली पाहावे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना तिरकस छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, हाडावर सूक्ष्म काळसर ठिपके आणि चिरा दिसतात, आणि प्लास्टिकवर यांपैकी काहीच नसते. तापवलेली सुई टोचण्याची जी जुनी कसोटी लोक सांगतात ती करू नये, कारण वस्तू कायमची खराब होते.

चकत्या हस्तिदंती निघाल्या तर कायदा समजून घ्यावा. आफ्रिकी हत्तीच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय १९८९ साली साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये झाला, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही बंदीखाली आला. म्हणजे ती चहादाणी विकता येणार नाही, दुकानात ठेवता येणार नाही आणि लिस्बनच्या नातेवाइकांना कुरियरने पाठवता येणार नाही. वारशाने आलेल्या वस्तूसंबंधी वन खात्यातील मुख्य वन्यजीव वॉर्डनांकडे लेखी विचारणा करून तिचे कागद सरळ करून घेणे हा योग्य मार्ग आहे. ज्यांना अशी वस्तू ठेवायचीच नाही त्यांना २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती स्वेच्छेने, मोबदल्याशिवाय शासनाच्या स्वाधीन करता येते.

जाता जाता लाकडाचेही सांगतो. डाल्बर्जिया जातीची बहुतेक सगळी झाडे जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. घरातल्या मूर्तीला त्याची अडचण नाही, पण ती देशाबाहेर पाठवण्यापूर्वी नियम पाहावेत.

रायबंदर

मुद्देसूद यांच्या म्हणण्याला कारणाची जोड देतो. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते, त्यामुळे उकळते पाणी भरलेल्या चहादाणीची चांदीचीच मूठ हातात धरणे अशक्य होते. म्हणून चांदीकाम करणारे एक तर लाकडी मूठ बसवत, किंवा मूठ आणि भांडे यांच्यामध्ये हस्तिदंताची चकती घालत. लाकूड काळे आणि चकती पांढरी, हा मेळ दिसायलाही देखणा. एकोणिसाव्या शतकात युरोपात जाणाऱ्या हस्तिदंताचा मोठा भाग पूर्व आफ्रिकेतून, झांझिबारच्या बाजारातून निघत असे. पोर्तुगीज चांदी असल्यास तळाशी किंवा काठाजवळ शिक्का शोधावा. १९३८ नंतरच्या शिक्क्यात गरुडाचे डोके असते आणि त्यासोबत ८३३ हा आकडा असेल तर हजारात ८३३ भाग चांदी. घासताना चकत्यांना पाणी, चिंच आणि पॉलिश यांपासून दूर ठेवावे, आणि भांडे पाण्यात भिजत घालू नये.

साखळीकर

हा सगळा संवाद फार सुसंस्कृत चालला आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. या वस्तू आपल्याकडे आल्या कशा? आपले आजोबा-मामा वसाहतीच्या कारभारात कारकून, तिजोरीवाले, दुकानदार होते. गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर अशी त्यांची पायरी होती. कारागीर डोक्यावर गाठोडे घेऊन व्हरांड्यात येत असे, आपली माणसे घासाघीस करत आणि मूर्ती घेत. १६ जून १९६० रोजी मुएदात त्याच माकोंदे लोकांवर पोर्तुगीज फौजेने गोळ्या झाडल्या. तेव्हा ‘वारसा’ म्हणताना कोणाचा वारसा, हे विचारायला हवे. माझ्या मते अशा मूर्ती दिवाणखान्याच्या शोभेला न ठेवता एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात.

अंत्रुजी

साखळीकर, आपण म्हणता ती पायरी होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळे गोंयकार त्या पायरीवर बसूनच राहिले असेही नाही. नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंतो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढले आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये मारले गेले. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा हे मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार होते आणि १९८६ च्या विमान अपघातात त्यांच्यासोबतच गेले. संग्रहालयाचे म्हणाल तर कोठारातल्या खोक्यात पडून राहण्यापेक्षा ज्या घरात कोणी तिच्याकडे पाहून प्रश्न विचारते तिथे मूर्ती असणे मला अधिक योग्य वाटते.

तारवटी

मी धागा शांतपणे वाचत होतो, पण ‘आल्या कशा’ या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे.

आफ्रिकेतून परतलेल्या आमच्या लोकांच्या घरांत सोने-नाणे कमी आणि लाकूड जास्त का, याचा विचार करा. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. युगांडातून १९७२ साली आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन काढले. मोझांबिकमध्ये स्वातंत्र्यानंतर काही लोकांना २४ तासांत २० किलो सामानासह निघण्याचे हुकूम मिळाले; तिथल्या जुन्या लोकांत तो प्रकार ‘चोवीस-वीस’ म्हणूनच ओळखला जातो. प्रत्येक ठिकाणी पैसा बाहेर नेण्यावर बंधने होती. बँकेतली रक्कम तिथेच राहिली, घर तिथेच राहिले, दागिने तपासणीत अडकण्याची भीती. कोरलेल्या लाकडाकडे मात्र जकातीवरचा माणूस ढुंकून पाहत नसे. ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या आगबोटी मुंबई आणि पूर्व आफ्रिका यांच्या दरम्यान चालत त्या काळापासून ट्रंकांत ताटल्यांच्या मधे कपडे आणि कपड्यांच्या मधे मूर्ती भरून आणण्याची पद्धत होती. व्हरांड्यात घासाघीस झालीही असेल, परंतु पुष्कळ मूर्ती या निघताना नेता येईल तेवढ्या आयुष्यापोटी घेतलेल्या आहेत.

शिसवी_सुतार

तारवटी काका, एक शंका. म्पिंगोचे वजन घनफुटाला ३५ किलोच्या आसपास भरते. ज्या माणसाला सगळे मिळून २० किलोच न्यायचे आहेत तो त्यातले आठ-दहा किलो लाकडाला देईल हे पटत नाही. नीलपर्णताईंच्या खांबाचे वजन ऐकता तो तरी चोवीस-वीसमधला नसावा.

तारवटी

बरोबर आहे. ‘काही लोकांना’ असे मी जपूनच लिहिले. बहुसंख्य लोक महिना-दोन महिन्यांत आवराआवर करून, समुद्रमार्गे पेट्या पाठवून आले. ताईंचे मामाही काही महिन्यांनी परतले असे त्यांनीच म्हटले आहे. पण २० किलोंत मूर्ती आणलेले एक कुटुंब मला माहीत आहे, आणि त्यांनी कपडे कमी घेतले होते.

बिनसाखरेचा

चहाच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही, पण धागा वाचताना एक गोष्ट खटकली ती नोंदवतो. रायबंदर यांनी नुसत्या शिक्क्याच्या उल्लेखावरून कारखाना, गाव आणि साल सांगितले, कारण प्रत्येक कपाच्या बुडाशी करणाऱ्याचा शिक्का आहे. चांदीवर तर प्रांत, कस आणि घडवणारा या तिन्हींचे शिक्के मारण्याचा रिवाज होता. मूर्तीविषयी मात्र आपण सगळे ‘बहुधा माकोंदे’ यापुढे गेलो नाही. यंत्रावर हजारोंनी निघालेल्या बशीचे कूळ आपल्याला ठाऊक आहे आणि एका माणसाने एका ओंडक्यात घडवलेल्या मूर्तीचे नाही. संग्रहालय की दिवाणखाना हा वाद त्यानंतरचा आहे. जी माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात अजून आहे ती आधी कागदावर उतरवायला हवी. नाही तर संग्रहालयातही त्या मूर्तीपुढे ‘आफ्रिका, विसावे शतक’ एवढीच पाटी लागेल.

मांडवीकाठ

बिनसाखरेचा यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. मूर्तींच्या तळाशी आणि मागच्या बाजूला तिरपा उजेड पाडून पाहावे, कारण काही कारागीर, विशेषतः दारेसलामच्या बाजूचे, टोकदार हत्याराने नाव किंवा आद्याक्षरे ओरखडत. दुकानाची चिकटलेली चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली किंमत, कोणत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आली तो कागद, यांतले काहीही पुसू वा फेकू नये. मूर्ती कोणी, कोणत्या गावी, कोणाकडून आणि कोणत्या निमित्ताने घेतली. घरी ती कुठे ठेवत. तिला घरात काय म्हणत. हे सगळे वहीत लिहावे, सोबत चारही बाजूंची छायाचित्रे चिकटवावीत. लाकडावर स्वतः काही लिहू नये वा चिकटपट्टी लावू नये. सुती नाडीला कागदी चिठ्ठी बांधावी.

साखळीकर

वहीची कल्पना मान्य. त्यात किंमतही लिहावी, सापडली तर.

नीलपर्ण

सापडली. काल विजेरी घेऊन तिन्ही मूर्ती आडव्या केल्या. खांबाच्या तळाशी पेन्सिलने आकडा आणि एस्कुदो या पोर्तुगीज चलनाचे चिन्ह आहे, आणि हस्ताक्षर मामांचेच आहे, कारण त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आमच्याकडे आहेत. हिशेबनीस माणूस, त्यांनी मूर्तीवरही जमा-खर्च सोडला नाही. त्याशेजारी हत्याराने ओरखडलेली दोन अक्षरे आहेत, जी मामांची नाहीत. वह्यांत तो आकडा कुठे मिळतो का ते आई आता पानोपान पाहत आहे, आणि साखळीकर यांच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वह्यांत असेल असे दिसते, कारण मामा स्वतःचा पगारही त्यांतच लिहीत. अर्धपुतळ्याखाली काही नाही. म्हाताऱ्याविषयी आईला एवढे आठवते की तो नांपुलाहून आलेल्या एका सहकाऱ्याने निरोपाच्या वेळी दिला.

चकत्यांवर भिंगातून तिरकस जाळी दिसली, त्यामुळे मुद्देसूद यांनी सांगितल्याप्रमाणे वन खात्याला पत्र लिहिले आहे आणि उत्तर येईपर्यंत चहादाणी कपाटात राहील. यजमानांचे कुलूप निदान एका वस्तूला लागले. कप वापरात आले आहेत. पानांचा चहा सकाळी आणि उकळीचा दुपारी, म्हणजे दोन्ही पक्षांची तक्रार राहणार नाही. मूर्ती मेजापासून दूर, पश्चिमेच्या भिंतीला कोनाडा आहे तिथे ठेवीन म्हणते.

शिसवी_सुतार

पश्चिमेची भिंत नको. आपल्याकडे पावसाचा मारा तिकडूनच असतो आणि जांभ्याची भिंत आतपर्यंत ओल धरते. आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, मागे दोन बोटे हवा खेळेल अशी फळी करावी. खांब जड आहे, तेव्हा फळीला खालून लोखंडी कोन द्यावा, आणि मूर्तीखाली रबर न घालता जाड लोकर किंवा फेल्ट घालावे, कारण रबर लाकडाला डाग पाडते.

चहाटळ

सर्व मोठ्या प्रश्नांचा निकाल लागला असेल तर हरवलेल्या बश्यांचे काय, हे कोणी सांगेल का?

रायबंदर

शिक्क्याचे छायाचित्र आले की त्या काळातला जोड शोधता येईल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तूंची दुकाने लावणाऱ्यांकडे सुट्या बश्या अधूनमधून येतात, कारण कप फुटतात आणि बश्या उरतात. जाताना एक कप सोबत न्यावा आणि त्याचा तळ बशीच्या खळग्यात नीट बसतो का ते पाहूनच घ्यावी. नुसता सोनेरी काठ जुळला म्हणून घेऊ नये.

चहाटळ

तर मग छायाचित्र टाका. दुसऱ्यांदा मागतो आहे.